दही-साखर खाऊन इच्छापोरला

सुरतेचं प्रवासवर्णन आमच्या शिंदखेड्यात कुणी लिहिलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. आमच्याकडून सुरतेला जाणारा माणूस बघायला जात नाही, कामाला जातो. तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवे कपडे घालून गावी येतो, चार दिवस भाव खातो आणि परत जातो. त्याला विचारलं, सुरत कशी आहे, तर तो म्हणतो, "चांगली शे." झालं वर्णन. मी मात्र आठ दिवस राहून परत आले आहे, सगळं डोळे फाडफाडून बघितलं आहे, आणि हे लिहिताना माझ्या शेजारी अर्धी भरलेली बॅग उघडी पडली आहे. बॅग कशासाठी ते शेवटी कळेलच.

मी एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी. हे वाक्य मी दोन वर्षांत इतक्या लोकांना समजावून सांगितलं आहे की त्याचीच वेगळी पदवी मिळायला हवी. शेजारच्या काकू मला गुडघा दाखवतात. किराणा दुकानदार मोबाइल दुरुस्तीला देतो. आमचे नाना, म्हणजे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, त्यांना माझा विषय कळतो, पण त्या विषयाची नोकरी कुठे उगवते ते कळत नाही. अखेर ते म्हणाले, "आठ दिवस मामाकडे सुरतेला जा. तिकडे कंपन्या आहेत. तुझ्या विषयाचं काम मिळालं तर मी स्वतः पेढे वाटीन. नाही मिळालं तर सोमवारी परत यायचं आणि मंगळवारी बी.एड.चा फॉर्म भरायचा. कबूल?"

मी कबूल म्हणाले. बी.एड. वाईट असं मी म्हणत नाही, आमचं घरच त्यावर उभं आहे. पण मी शिकताना दोन वर्षं धुळ्याच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेच्या झाकणाखाली जंतू वाढवले आहेत, सकाळी उठून आधी त्यांना बघायला धावले आहे, आणि खरं सांगायचं तर माझा त्यांच्यावर जीव जडला आहे. फळ्यावर त्यांची चित्रं काढून मला भागणार नव्हतं.

नवागाम, रविवार

उधना स्टेशनवर उतरले आणि मामा दिसायच्या आधी ऐकू आला. भगवानमामा बावीस वर्षं लूम्सच्या खात्यात मशीन चालवतो. कारखान्याला इथे खातं म्हणतात. तिथल्या खडखडाटात शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागतं, आणि ती सवय मामा घरी, लग्नात, दवाखान्यात, सगळीकडे बरोबर घेऊन फिरतो. "ए आशू! उनी का वं? बॅग आठे दे!" अख्ख्या फलाटाने वळून बघितलं. दोन अनोळखी माणसांनी घाबरून आपल्याच बॅगा पुढे केल्या.

नवागामची गल्ली म्हणजे अर्धा शिंदखेडा तालुका उचलून आणून रेटून बसवलेला. दाराशी तुळस, भिंतीला टेकवलेल्या सायकली, आणि ओट्यावर बसलेल्या बाया अहिराणीत बोलताहेत. फरक एवढाच की आमच्या गावी दुपारी ऊन असतं म्हणून गल्ली गप्प असते, आणि इथे रात्रपाळीची माणसं झोपलेली असतात म्हणून. दुपारी दोन वाजता कुणी पोर मोठ्याने हसलं की तीन घरांतून "शूऽऽ" येतं. एकाच खाटेवर दिवसा एक भाऊ झोपतो आणि रात्री दुसरा, अशी खाट मी शेजारच्या शोभाकाकूंकडे बघितली. ती खाट बिचारी कधी थंडच होत नाही.

"पोरले कसानी नोकरी जोयजे?" शोभाकाकूंनी विचारलं.

"जंतूसनी!" मामा ओरडला. "जंतूसनी नोकरी शे तिनी!"

त्या क्षणापासून गल्लीत माझं नाव जंतूवाली पडलं. सुमनमामीने माझी सुटका केली. पाण्याचा तांब्या हातात दिला, "ये व माय, पानी पी ले पहिले," म्हणाली आणि पाचव्या मिनिटाला पुढ्यात शेवभाजी, ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी, ठेचा आणि वाटीभर दही. भाजी अशी की डोळ्यांतून पाणी यावं. शेजारी मामेबहीण कोमलने आणलेलं पिवळंधमक खमण होतं, वरून साखर पेरल्यासारखं गोड. कोमल इथेच जन्मली, कॉलेजात गुजराती बोलते, मैत्रिणींशी हिंदी, आणि आईने रागावलं तरच अहिराणी.

त्या दह्याबद्दल मला थोडं थांबून सांगायलाच हवं. चाकूने कापावं असं घट्ट, आणि आंबट इतकंच की जिभेला आठवण राहावी. मामी लग्न होऊन सुरतेला आली तेव्हा माहेरच्या विरजणाची वाटी पदराखाली झाकून, मांडीवर धरून आली होती. त्यानंतर तिने दही विकत आणलेलं नाही. रोज संध्याकाळी कालच्या दह्यातलं चमचाभर उद्याच्या दुधात. मातीचं मडकं जाऊन स्टीलचं पातेलं आलं, खोली बदलली, गल्ली बदलली, विरजण तेच.

"आनि ध्यान ठेव," ती मला म्हणाली, "दही-साखर खावाशिवाय मना घरतून कोनी कामले जात नही."

इच्छापोर, सोमवार

तर दही-साखर खाऊन निघाले. आमच्याकडची रीत म्हणजे उजव्या तळहातावर दही, त्यावर चिमूटभर साखर, ते एका दमात तोंडात, आणि मागे वळून बघायचं नाही. मी वळून बघितलं नाही, त्यामुळे पाण्याची बाटली घरीच राहिली.

इच्छापोर हजिऱ्याच्या रस्त्यावर आहे. तिथे पोहोचल्यावर आधी काही दिसतच नाही, नुसत्या भिंती, गेटं आणि ट्रक. हवेला कसलातरी गरम, गोडसर, न ओळखता येणारा वास. मी मनात म्हटलं, हाच तो फर्मेंटेशनचा वास, पोहोचलीस बाई! समोर एका गेटपाशी रांग होती, त्यात पुष्कळ मुली होत्या, हातात कागद होते. मीही उभी राहिले. रांग झपझप सरकत होती. मला वाटलं, वा, इथे मुलाखती फार भराभर घेतात.

पुढे टेबलाशी एक ठेकेदार बसला होता. माझा तीन पानी बायोडेटा त्याने उलटा धरला.

"हेल्पर कि पॅकर?"

"जी, मैं एम.एस्सी. हूं. बायोटेक्नॉलॉजी."

"चलेगा. गिनती आती है ना?"

मी हो म्हणाले, कारण येते. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, माझ्या डोक्यावर पिवळं हेल्मेट ठेवलं आणि म्हणाला, "पॅकर. कल सुबह आठ बजे." तर अशी माझ्या आयुष्यातली पहिली नोकरी मला चार मिनिटांत लागली. कंपनी खोकी बनवायची. तो वासही डिंकाचा होता. हेल्मेट परत देताना मला खरोखर वाईट वाटलं, इतक्या विश्वासाने मला अजून कुणी घेतलं नव्हतं.

मग खऱ्या कंपन्यांची गेटं शोधली. तीन सापडली. तिन्ही ठिकाणी वॉचमनने एकच उत्तर दिलं, "बायोडेटा बॉक्स में डाल दो." गेटपाशी मंदिराच्या दानपेटीसारखी पेटी असते. तिसऱ्या ठिकाणची पेटी इतकी गच्च होती की माझी पानं मला पेनाने आत ढकलावी लागली. आत माझ्यासारखे किती जण घडी घालून पडलेत याचा विचार केला नाही. केला असता तर उन्हात तिथेच बसले असते.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशीच शोभाकाकू. "काय व्हयनं?"

मी हळूच सांगितलं. मामाने ते मोठ्याने सांगितलं. "पॅकर म्हनीसन घेयेल व्हती!" रात्रपाळीला निघालेल्या माणसांनी माझं अभिनंदन केलं.

चलथाण, बुधवार

मंगळवारी अजून पेट्या भरल्या. बुधवारी मामाने सुट्टी टाकली आणि मला चलथाणला नेलं. चलथाण म्हटलं की साखर कारखाना. पण आम्ही कारखान्यात जात नव्हतो. मामाच्या ओळखीच्या ओळखीच्या एका माणसाने रस्त्याच्या पलीकडे, शेतांच्या कडेला एक टिश्यू कल्चरची लॅब असल्याचं सांगितलं होतं. म्हणजे उसाच्या कोवळ्या शेंड्याचा कण घ्यायचा आणि त्यापासून बरणीत हजार रोपं करायची.

आत गेले आणि वेडीच झाले. भिंतभर मांडण्या, पांढरे दिवे, आणि काचेच्या बरण्यांत बोटाएवढी उसाची बाळं. हिरवी, ओली, एकसारखी. आमच्याकडे ऊस म्हणजे डोक्यावरून जाणारा, पानाने गाल कापणारा. इथे तो बरणीत गुमान बसला होता. मामाही गप्प झाला, आणि मामा गप्प झाला हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं. मग त्याने आपल्या मते कुजबुजत विचारलं, "आशू, हाई ऊस शे?" दोन बरण्या थरथरल्या.

लॅबचे साहेब वयस्कर, फार सभ्य. माझी प्रयोगांची वही चाळली, चार प्रश्न विचारले, उत्तरांवर मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, "दोन वर्षांचा अनुभव हवा होता, बेटा." अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हे दळण मी धुळ्यापासून ऐकत आले आहे. त्यांनी उसाचा रस पाजला. इतका गार, इतका आलं-लिंबू घातलेला रस पिताना मला रडू आलं, आणि दोन्ही एकदम करता येत नाही म्हणून मी रस संपवला.

परतीच्या रिक्षात फोन वाजला. पेट्यांपैकी एक पेटी बोलली होती! इच्छापोरची, पेनाने पानं ढकलली होती तीच. उद्या दहा वाजता परीक्षेला या. मी मामाला सांगितलं. मामाने रिक्षावाल्याला सांगितलं, रिक्षावाल्याने शेजारच्या रिक्षावाल्याला, आणि उधना दरवाज्यापर्यंत बातमी आमच्या पुढे गेली.

पुन्हा इच्छापोर, गुरुवार

कंपनी झिंग्यांच्या तळ्यात टाकायची पूड बनवते. समुद्राकाठी तळी खोदून लोक झिंगे वाढवतात, त्या झिंग्यांच्या पोटात आणि पाण्यात चांगले जंतू राहावेत म्हणून ती पूड. हे मी सकाळी घरी समजावलं तेव्हा मामा म्हणाला, "म्हनजे झिंगासना पोटले दही? सुरतमा झिंगासनाबी लाड शेतस!"

निघताना गडबड. मामीने तळहातावर नेहमीपेक्षा दुप्पट दही ठेवलं, कारण आज खरी मुलाखत. मी खाल्लं. बाहेर रिक्षा हॉर्न देत होती, नळाला पाणी नव्हतं, हात चिकट. रुमालाला पुसला आणि पळाले.

आम्ही पाच उमेदवार होतो. परीक्षा घ्यायला हेतलबेन आल्या. साधी सुती साडी, पायात कापडी बूट, आवाज बारीक पण दुसऱ्यांदा न सांगणारा. त्यांनी काही विचारलंच नाही. प्रत्येकापुढे जंतूंचं खाद्य भरलेल्या दोन काचेच्या बशा ठेवल्या. पहिल्या बशीवर न धुतलेली पाच बोटं टेकवायची. मग साबणाने हात धुवायचे, औषध चोळायचं, हात हवेत वाळू द्यायचे, कशालाही शिवायचं नाही, आणि दुसऱ्या बशीवर तीच पाच बोटं. बशा उबेत ठेवणार, शनिवारी या, आपापल्या बशा वाचा आणि जे दिसेल ते लिहा. संपलं.

हे मला झोपेतही येतं. कोपरापर्यंत हात धुतले, नखं घासली, औषध चोळलं. बाकीचे चार जण माझ्याकडे बघत होते, इतकी मी छान धूत होते. वडोदऱ्याहून आलेला एक मुलगा होता, त्याचा बायोडेटासुद्धा प्लॅस्टिकमध्ये मढवलेला. तो म्हणाला, "तमे तो डॉक्टर जेवुं करो छो." मी फुशारले. पंख्याखाली हात वाळवले, कपाळावरचा घाम टिपला, आणि रुबाबात पाच बोटं दुसऱ्या बशीवर टेकवली.

ज्यांच्या लक्षात आलं असेल त्यांनी कृपा करून आत्ताच हसून घ्यावं. माझ्या लक्षात आलं नव्हतं.

सुरत शहर, शुक्रवार

थांबण्याचा दिवस. कोमल मला लोचो खायला घेऊन गेली. लोचो म्हणजे न जमलेलं खमण. कुणाचं तरी पीठ पातळ झालं, वडी पडेना, टाकवेना, तसंच वरून तेल, मसाला, शेव घालून विकलं आणि शहर त्यावर भाळलं, असं इथे सांगतात. खरंखोटं देव जाणे. पण गरम, मऊ, नाकातून वाफ काढणारा तो पदार्थ खाताना मला वाटलं, चूक अशी जमली पाहिजे. आमच्याकडे पातळ झालेलं पिठलं आपण कढी म्हणून वाढतो, पण त्याचं दुकान टाकायचं धाडस आपल्यात नाही.

दोन प्लेटा मी खाल्ल्या, तिसरी दोघींनी मिळून. "दीदी, तने जॉब मळी जशे," कोमल म्हणाली, "और फिर तू हमारे घर ही रहेगी ना? मग माझी अर्धी खाट तुझी." तीन भाषांतलं ते आमंत्रण ऐकून माझ्या पोटात लोचो नाचला. मला इथे राहायचं होतं. नोकरीसाठी तर होतंच, पण आता त्या सगळ्या ओरड्यासाठीही.

इच्छापोर, शनिवार

पाच जणांच्या दहा बशा टेबलावर. पहिल्या बशा सगळ्यांच्या घाणेरड्या, ते ठीकच. दुसऱ्या बशा जवळजवळ स्वच्छ. वडोदऱ्याच्या मुलाच्या बशीत कडेला बुरशीचा एकच हिरवा ठिपका होता, बाकी आरसा.

माझी दुसरी बशी पहिलीपेक्षा वाईट होती.

पाचही बोटांचे ठसे, इतके दाट आणि इतके सुबक की पोलिसांनी जपून ठेवावेत. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके शेकड्यांनी, मधेमधे साईच्या रंगाचे मोठे. म्हणजे पाच जणांत मी एकटी अशी होते, जिचे हात धुतल्यावर जास्त घाण झाले होते. एम.एस्सी.! माझ्या डोळ्यांपुढे बी.एड.चा फॉर्म आला, त्यावर नाव, पत्ता, जन्मतारीख सगळं भरलेलं.

शेजारी वडोदऱ्याचा मुलगा हेतलबेनना सांगत होता, "मॅडम, मेरी प्लेट में पहले से कुछ था. प्लेट का प्रॉब्लेम है." मलाही ते वाक्य सुचलं होतं. जिभेच्या टोकावर होतं. एका ठिपक्याला ते शोभलं असतं, माझ्या बशीला शोभत नव्हतं. मला दरदरून घाम फुटला. पर्समधून रुमाल काढला, तोंडाला लावला.

आंबट वास आला.

मी तो रुमाल तोंडापासून लांब धरला आणि बघतच राहिले. गुरुवार. नळाला पाणी नव्हतं. दुप्पट दही. रुमाल. मग हात धुणं, औषध, पंखा, आणि कपाळावरचा घाम कशाने टिपला होता मी? याच रुमालाने. मग बोटं बशीवर.

लाज बाजूला राहिली आणि मला एकदम आनंदच झाला. कुठून आले ते कळलं होतं ना! "मॅडम," मी जवळजवळ मामाच्या आवाजात ओरडले, "मला दहा मिनिटं मायक्रोस्कोप द्या!"

काचपट्टीवर ठिपका घेतला, रंग चढवला, डोळा लावला. जांभळ्या मण्यांच्या माळा. माळाच माळा, आणि मधे अंगाला कोंब फुटलेली गुबगुबीत यीस्ट. असल्या माळा मी धुळ्याला दह्यातून कितीदा काढल्या होत्या. मग एक कोरी बशी मागितली आणि रुमालाचा कोपरा तिच्यावर दाबला, म्हणजे सोमवारी कुणालाही पडताळता येईल. आणि कागदावर लिहिलं: हे जंतू दह्याचे असावेत. दही मामीने शकुनाचं म्हणून तळहातावर दिलं. हात रुमालाला पुसला. धुतलेले हात वाळल्यावर त्याच रुमालाने घाम टिपला. चूक बशीची नाही, साबणाची नाही, माझी आहे.

हेतलबेननी कागद वाचला. रुमालाकडे बोट केलं. "आ?"

"हो, हाच."

त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग म्हणाल्या, "यहां टैंक बिगड़ता है ना, तो सब यही बोलते हैं, मॅडम, हाथ तो धोए थे." आणि कागद फाइलमध्ये ठेवला. मी दाराशी पोहोचले तेव्हा मागून तो बारीक आवाज आला, "हाथमां केम आपे छे? अमारे तो चमचीथी मोंमां मूके." आमच्यात तर चमच्याने तोंडात देतात! म्हणजे शकुनाचं दही गुजरात्यांकडेही आहे, फक्त ते जास्त निर्जंतुक आहे. सोमवारी दुपारपर्यंत कळवू, असं ऑफिसातल्या माणसाने सांगितलं. माझी परतीची गाडी सोमवारी दुपारचीच होती.

नवागाम, रविवार

घरी मी हे सगळं हसत हसत सांगितलं. मामा हसला, कोमल हसली, भिंतीपलीकडे शोभाकाकूही हसल्या. मामी हसली नाही.

"मना दहीमा जंतू?" ती म्हणाली. "बावीस वरीस व्हयनात. या दहीवर आख्खी गल्ली वाढनी. कोनं पोट दुखनं नही!"

"मामी, चांगला जंतू शेतस त्या," मी म्हटलं. तिने भांडी घासायला घेतली, जोरजोरात. मला वाटलं रुसली आहे. संध्याकाळी पाणी प्यायला गेले तर दह्याचं पातेलं घासून, पुसून, उपडं ठेवलेलं.

"आज दही लायं नही," मामी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मना हातनं दही खाईसन पोरनी नोकरी गयी."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती माझ्यावर नाही, स्वतःवर रागावली होती. मी तिला मागून घट्ट मिठी मारली, अजून काही कळलेलं नाही, असं दहादा सांगितलं. तिने मान हलवली, पण पातेलं सुलटं केलं नाही. माहेरून मांडीवर धरून आणलेलं विरजण त्या दिवशी संपलं होतं, आणि संपलं होतं ते माझ्या एका रुमालापायी. बी.एड.चं दुःख मी एकवेळ गिळलं असतं. हे गिळता येईना.

सोमवार

दुपारी मामा मला उधना स्टेशनवर घेऊन गेला. गाडी आली. बॅग आत ठेवली, खिडकीशी बसले, मामा बाहेर उभा राहून "नानाले सांग, पोर हुशार शे!" असं अख्ख्या डब्याला सांगत होता. फोन वाजला.

"हेतल बोलुं छुं. रूमालवाळी बेन?"

मी हो म्हणाले.

"अभी आ सकती हो? साइन करना है. फिर गांव जाके सामान ले आना, अगले सोमवार से काम. और सुनो," बारीक आवाज थांबला, "वो रूमालवाली प्लेट में भी वही निकला. दही."

पुढचं मला नीट आठवत नाही. मी खिडकीतूनच "मामा, लागनी!" असं किंचाळले म्हणे. मामाने बॅग खिडकीतून ओढायचा प्रयत्न केला, ती गजांत अडकली, मी दारातून उतरले, बॅगेला डब्यातल्या चार माणसांनी दारापर्यंत पोहोचवलं आणि गाडी हलली. फलाटावर मामा नाचला. हमालांनी जागा करून दिली.

रिक्षा आधी घरी वळवली, कागदपत्रांची फाइल तिथेच राहिली होती. गल्लीत मामाच्या आवाजाने आमच्या आधी मजल मारली होती. रात्रपाळीचे लोक डोळे चोळत ओट्यांवर आले, आणि कुणीही "शूऽऽ" केलं नाही. मामी दारात उभी. ऐकलं, पदर तोंडाला लावला, आणि पुढच्या क्षणी तिचा चेहरा उतरला.

"दही नही शे," ती म्हणाली. "पोर कामले जाई ऱ्हायनी आनि मना घरमा दही नही."

"कसं नही?" शोभाकाकू म्हणाल्या आणि आत जाऊन वाटी घेऊन आल्या. मग समोरच्या घरातून एक वाटी आली. कोपऱ्यावरून एक पेला, वरच्या मजल्यावरून एक झाकलेलं भांडं. शेवटी पाच भांडी झाली. गल्लीत नव्याने राहायला आलेल्या प्रत्येक बाईला मामीने कधी ना कधी चमचाभर विरजण दिलं होतं. बावीस वर्षांत कुणी दुकानातून आणलं नव्हतं. मामीने पाचही भांड्यांतलं दही एकेक थेंब चाखलं, मान डोलावली, आणि एका वाटीतलं थोडं आधी बाजूला काढून उपड्या पातेल्यापाशी ठेवलं, संध्याकाळच्या दुधासाठी.

मग ती माझ्याकडे वळली. सवयीने मी उजवा हात पुढे केला. तिने तो खाली केला. ओट्यावरून धुतलेला चमचा घेतला, त्यात दही, त्यावर साखर.

"हात नको लावू. तुना हात आते कंपनीना शेतस," मामी म्हणाली. "आ कर."

बाहेर रिक्षा हॉर्न देत होती. गल्ली वाट बघत उभी होती. मी आ केला.